परदेशातल्या भागीदार मंडळीची मदत कशी घ्यावी: नव्या कमिटीसाठी पायरीवार मार्गदर्शन

उपासनालयाचं छप्पर गळतंय, वसतिगृहातल्या मुलींसाठी स्वच्छतागृहं बांधायची आहेत, दवाखान्याला जनरेटर हवाय. जर्मनीतल्या, स्कॉटलंडमधल्या किंवा अमेरिकेतल्या भागीदार मंडळीला (म्हणजे तिथल्या चर्चला) हे कळतं आणि तिकडून निरोप येतो: "आम्ही पाच हजार युरो गोळा केलेत, खाते क्रमांक कळवा." खजिनदार उत्साहाने गावातल्या सहकारी बँकेतल्या खात्याचा क्रमांक कळवून टाकतो. पुढची दोन-तीन वर्षं निस्तरावं लागणारं प्रकरण इथे सुरू होतं.

महाराष्ट्रातल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांना परदेशी भागीदार नवे नाहीत. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले, स्कॉटिश मिशनने मुंबई, पुणे, नागपूर, जालना इथे काम केलं, मिरजेचा दवाखाना अमेरिकन प्रेस्बिटेरियनांनी उभा केला. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि मिशनरी गेल्यावरही नाती टिकली. फरक एवढाच की पूर्वी मिशनच्या तिजोरीतून येणारा पैसा आता केंद्रीय गृह मंत्रालयाच्या परवानगीने येतो. कायदा आहे विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम २०१०. सगळे त्याला एफसीआरए म्हणतात, इथेही तेच म्हणू. २०२० च्या दुरुस्तीने तो बराच कडक झाला. त्याआधीच्या अनुभवावर "आम्ही असंच करायचो" म्हणणाऱ्या ज्येष्ठांचा मान राखा, सल्ला मात्र घेऊ नका.

नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना परदेशी पैसा घेतला तर पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून पैसा शेवटी, कागद आधी.

१. पैसे कोणाच्या नावावर येणार ते ठरवा

'आमची मंडळी' ही कायद्याच्या दृष्टीने बहुतेक वेळा स्वतंत्र संस्था नसते. ती डायसिसचा (बिशपच्या देखरेखीखालच्या धर्मप्रांताचा) भाग असते. डायसिसचा ट्रस्ट वेगळा, शाळा चालवणारी सोसायटी वेगळी, दवाखान्याचा ट्रस्ट आणखी वेगळा. पहिल्या बैठकीत एका कागदावर चार गोष्टी लिहून काढा: संस्थेचं नोंदणीकृत नाव, नोंदणी क्रमांक, पॅन, आणि तिच्याकडे एफसीआरए नोंदणी आहे का.

हे इतकं महत्त्वाचं का, तर कायद्याच्या कलम ७ मुळे. २०२० पासून एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, दुसऱ्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी असली तरीही. पूर्वी मोठी चर्च-संस्था बाहेरून रक्कम घ्यायची आणि खाली ट्रस्टना वाटायची. तो रस्ता बंद झाला.

यातून तीन शक्यता उरतात.

तुमची मंडळी डायसिसच्याच ट्रस्टचा भाग असेल, पॅन एकच असेल आणि डायसिसकडे नोंदणी असेल, तर काम डायसिसच्या नावाने होतं. पैसा डायसिसच्या खात्यात येतो, बिलं डायसिसच्या नावाने होतात, हिशेब डायसिसच्या वह्यांत. तुमच्या कमिटीने देखरेख करायची.

तुमचा ट्रस्ट स्वतंत्र असेल, तर डायसिसकडून पैसा 'पुढे' घेता येणार नाही. स्वतःची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी काढावी लागेल.

तिसरी शक्यता, म्हणजे पाळकसाहेबांच्या किंवा सेक्रेटरींच्या वैयक्तिक खात्यात रक्कम घेणं. हिचा विचारही करू नका. 'भेट म्हणून पाठवली' असं लिहिलं तरी मंडळीच्या कामासाठीचा पैसा हा मंडळीचाच धरला जातो.

२. परदेशी पैसा म्हणजे नक्की काय?

इथे भले भले चुकतात, कारण लोक चलन बघतात. कायदा देणारा कोण हे बघतो.

तुमच्याच मंडळीतला मुलगा दुबईत किंवा न्यू जर्सीत आहे, पासपोर्ट भारतीय आहे आणि तो स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दान पाठवतो. हा परदेशी पैसा नाही. साध्या खात्यात चालतो. फक्त त्याच्या पासपोर्टची प्रत फाइलला लावा. त्याच मुलाने अमेरिकन नागरिकत्व घेतलं, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड) काढलं, की तो परदेशी स्रोत झाला. नाताळात गावी येऊन त्याने दानार्पणाच्या थैलीत पाचशेच्या दोन नोटा टाकल्या, तरी ते रुपये परदेशी अंशदानच. तिकडच्या मित्रांकडून गोळा करून भारतीय पासपोर्टवाल्याने पाठवलेला पैसाही त्याचा स्वतःचा नव्हे. तो मूळ देणाऱ्यांचा.

भागीदार मंडळीचं शिष्टमंडळ रविवारी उपासनेला बसलं असेल आणि तुमची नोंदणी नसेल, तर थैली फिरवण्याआधीच त्यांना नम्रपणे सांगून ठेवा की आमच्याकडे परदेशी पाहुण्यांनी दानार्पण करायचं नसतं. ऐकायला विचित्र वाटतं, पण आधी पत्राने कळवलं असेल तर कोणाला वाईट वाटत नाही.

वस्तूही यातच मोडतात. तिकडून आलेला लॅपटॉप, वाद्यं, वैद्यकीय उपकरणं, सगळ्यांची किंमत हिशेबात धरावी लागते. जुन्या कपड्यांचे खोके मागवूच नका. सीमाशुल्क, बंदरावरचं भाडं आणि दलाल यांत कपड्यांच्या किमतीपेक्षा जास्त जातं.

३. धर्मादाय कार्यालयातले कागद आधी साफ करा

दिल्लीच्या पोर्टलवर बसण्याआधी जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात जा. महाराष्ट्रात ट्रस्टचा आरसा म्हणजे परिशिष्ट १ चा उतारा. तो ताजा काढा आणि त्यावरची विश्वस्तांची नावं वाचा. पुष्कळ मंडळ्यांच्या उताऱ्यावर पंधरा-वीस वर्षांपूर्वीची कमिटी असते, त्यातले निम्मे प्रभूघरी गेलेले. निवडणुका झाल्या, ठराव झाले, पण बदल अर्ज (नव्या विश्वस्तांची नोंद करून घेण्याचा अर्ज) दाखलच केला नाही, किंवा केला आणि हरकतीत अडकला.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे बदल अर्ज ९० दिवसांत द्यायचा असतो. उशीर झाला असेल तर विलंबमाफीचा अर्ज जोडून द्या. गटबाजीमुळे दोन कमिट्यांचे दोन बदल अर्ज प्रलंबित असतील, तर एफसीआरएचा अर्ज तूर्त बाजूला ठेवा. गृह मंत्रालयाला दोन सेक्रेटरींची पत्रं गेली की फाइल बंद होते, आणि परदेशातला भागीदारही दोन्ही बाजूंपासून हात झटकतो.

याच वेळी जागेची कागदपत्रं बघा. छपराच्या दुरुस्तीसाठी किंवा नव्या इमारतीसाठी पैसा मागणार असाल तर सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर कोणाचं नाव आहे? जुन्या मिशनच्या मिळकती कितीतरी ठिकाणी वेगळ्याच मालमत्ता-ट्रस्टच्या नावावर आहेत. अर्ज एका ट्रस्टचा आणि भिंती दुसऱ्या ट्रस्टच्या, अशी स्थिती असेल तर आधी त्या ट्रस्टची लेखी संमती घ्या.

४. नोंदणी की पूर्वपरवानगी?

नोंदणी पाच वर्षांची असते आणि कोणत्याही वैध देणगीदाराकडून पैसा घेता येतो. अर्ज एफसी-३ए. अट अशी की संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मिळून किमान १५ लाख रुपये तिने मूळ उद्दिष्टांच्या कामावर खर्च केलेले हवेत. इथली गोम 'मूळ उद्दिष्टांच्या कामावर' या शब्दांत आहे. लहान मंडळीचा बहुतेक खर्च पगार, वीजबिल आणि प्रशासन यांत जातो, तो यात मोजला जात नाही. ताळेबंद बघून सीए सांगेल की आकडा बसतो की नाही. बसत नसेल तर ओढूनताणून बसवू नका.

पूर्वपरवानगी एका देणगीदाराकडून, एका ठरावीक रकमेसाठी, एका कामासाठी असते. अर्ज एफसी-३बी. एकच छप्पर किंवा एकच वसतिगृह असेल आणि भागीदारही एकच असेल तर माझ्या मते हाच मार्ग बरा. यात देणगीदाराचं वचनपत्र लागतं: रक्कम, काम, कोणाला, कोणत्या अटीवर, आणि देणगीदाराच्या अधिकृत व्यक्तीची सही. "आम्ही मदत करू इच्छितो" असं मोघम पत्र चालत नाही. सोबत प्रकल्पाचा तपशीलवार प्रस्ताव. मंजुरीनंतर पैसा तीन वर्षांत घ्यायचा आणि चार वर्षांत वापरायचा, असं मंत्रालयाने एप्रिल २०२५ मध्ये ठरवून दिलंय. रक्कम एक कोटीच्या वर असेल तर ती हप्त्यांत मिळते. आधीच्या हप्त्यातला ७५ टक्के पैसा वापरल्याचा पुरावा दिल्यावर पुढचा.

पूर्वपरवानगीत एक सापळा खास चर्चवाल्यांसाठी. तुमचे प्रमुख पदाधिकारी आणि देणाऱ्या संस्थेचे पदाधिकारी एकच नसावेत. घेणाऱ्या संस्थेच्या कार्यकारिणीतले किमान ७५ टक्के लोक देणाऱ्या संस्थेचे सदस्य किंवा कर्मचारी नसावेत. परदेशी मंडळीने प्रेमाने तुमच्या सेक्रेटरींना आपल्या मिशन-बोर्डावर घेतलं असेल तर अर्जाआधी हे तपासा.

दोन्ही मार्गांना लागणारे कागद:

- ट्रस्ट किंवा सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, घटना किंवा ट्रस्ट डीड, परिशिष्ट १ चा ताजा उतारा
- संस्थेचं पॅन आणि नीति आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा (स्वयंसेवी संस्थांच्या नोंदीचा) क्रमांक
- नोंदणीसाठी मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब: ताळेबंद, जमा-खर्च, उत्पन्न-खर्च, त्यात कामनिहाय खर्च दिसत नसेल तर सीएचं वेगळं प्रमाणपत्र
- तीन वर्षांच्या कामाचे वर्षनिहाय अहवाल
- प्रत्येक प्रमुख पदाधिकाऱ्याचं आधार आणि विहित नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र; पदाधिकारी परदेशी नागरिक असेल तर पासपोर्ट किंवा ओसीआय कार्ड
- कमिटीचा ठराव, प्रमुख पदाधिकाऱ्याची सही आणि शिक्का स्कॅन करून

मंडळीचं मासिक निघत असेल तर ते प्रकाशनात धरलं जातं आणि त्यात बातम्यांचा मजकूर नाही असं वृत्तपत्र निबंधकांचं प्रमाणपत्र मागितलं जातं. चार पानी पत्रक असलं तरी हे आधी विचारून घ्या.

पदाधिकाऱ्याच्या आधारवर 'विल्यम रामभाऊ', ठरावात 'डब्ल्यू. आर.' आणि पॅनवर तिसरंच स्पेलिंग, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. अशा एका अक्षरावरून अर्ज परत येतो. दोन आठवडे गेले तरी चालतील, नावं एकसारखी करून घ्या.

अर्ज गेल्यावर चौकशी होते. गुप्तवार्ता विभागाचा माणूस येतो, कामाची जागा बघतो, पदाधिकाऱ्यांना प्रश्न विचारतो. धर्मांतरासाठी आमिष किंवा जबरदस्ती, जातीय तणाव असे प्रश्न यातच येतात. अर्जात 'धार्मिक' असं काम लिहिलं असेल तर तसंच सांगा. उपासनालयाची दुरुस्ती हे धार्मिक काम आहे आणि कायद्यात त्याला जागा आहे. अर्जात 'सामाजिक' आणि तोंडी 'सुवार्ता' असा विरोधाभास मात्र फाइल पाडतो. कायद्यात ९० दिवस म्हटलंय, पण भागीदाराला 'सहा महिने ते वर्ष' असंच कळवा.

५. दिल्लीचं खातं

परदेशी रक्कम पहिल्यांदा एकाच ठिकाणी उतरते: स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत, ११ संसद मार्ग, शाखा क्रमांक ००६९१. तिथे 'एफसीआरए खातं' असावं लागतं. दिल्लीला जायची गरज नाही. जवळच्या स्टेट बँक शाखेत कागद आणि केवायसी दिली की ते पुढे पाठवतात. शाखेतल्या सगळ्यांना ही पद्धत ठाऊक असते असं नाही, शाखाधिकाऱ्यांनाच भेटा.

दिल्लीच्या खात्यातून रक्कम आपल्या गावच्या बँकेतल्या दुसऱ्या एफसीआरए खात्यात किंवा वापर-खात्यात आणता येते. बँक अनुसूचित, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या अनुसूचीतली, हवी. या खात्यांत देशातलं दान, वर्गणी, भाड्याचे पैसे काहीही टाकायचं नाही. खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून खजिनदाराने खिशातून पाचशे भरले, तरी ती सरमिसळच.

भागीदाराला पाठवायच्या सूचना थोडक्यात लिहून द्या: खात्याचं नाव नोंदणीतल्यासारखं तंतोतंत, शाखा, स्विफ्ट क्रमांक, पाठवणाऱ्याचं पूर्ण नाव-पत्ता-देश, आणि कामाचं नाव. मार्च २०२३ पासून रिझर्व्ह बँकेने हा तपशील संदेशात असणं बंधनकारक केलंय. नुसतं 'डोनेशन' लिहिलेली रक्कम अडकून बसते.

काही परदेशी देणगीदार मंत्रालयाच्या अशा यादीत असतात की त्यांची रक्कम आली तरी बँक मंत्रालयाला विचारल्याशिवाय जमा करत नाही. कम्पॅशन इंटरनॅशनल या अमेरिकन ख्रिस्ती मदत संस्थेला याच कारणाने २०१७ मध्ये भारतातलं काम गुंडाळावं लागलं. तुमचा भागीदार स्वतः न पाठवता एखाद्या मोठ्या मदत संस्थेमार्फत पाठवणार असेल, तर त्या संस्थेची भारतातली मागची रक्कम सुरळीत जमा झाली होती का, हे सरळ विचारा.

६. भागीदाराशी बोलणं आणि करार

कायद्याएवढंच महत्त्व याला आहे, आणि इथे आपल्याकडे संकोच फार. परदेशी पाहुणे आले की हार, शाल, जेवण. आणि जाताना हातात मागणीचं पत्र. भागीदारी अशी चालत नाही. तिकडच्या मंडळीतही मिळवणारे साधे लोक आहेत. तिथल्या निवृत्त बायका केक विकून, कापणीच्या सणाला भाज्यांचा लिलाव करून हे पैसे गोळा करतात. त्यांना तुमच्या मंडळीची वर्षभराची खबर हवी असते. जी मंडळी वर्षातून तीनदा साधं पत्र पाठवते, प्रार्थनेचे विषय कळवते, त्यांच्याकडे पूर आला तर विचारपूस करते, तिच्या प्रस्तावाला उत्तर लवकर येतं.

प्रस्ताव चार पानांपेक्षा मोठा नको. त्यात हे हवं: गरज काय, कोणाला उपयोग, काय करणार, किती महिन्यांत, किती खर्च, तुमचा स्वतःचा वाटा किती. वाटा शून्य लिहू नका. श्रमदान, जुनी कौलं विकून येणारे पैसे, सदस्यांची वर्गणी, काहीही असो. दहा-पंधरा टक्के तरी आपले दाखवा. हा वाटा मात्र साध्या खात्यातून खर्च होईल, एफसीआरए खात्यातून नव्हे.

अंदाजपत्रक रुपयांत करा. उदाहरणार्थ २,००० चौरस फूट पत्र्याचं छप्पर असेल तर पत्रा, अँगल, नट-बोल्ट, मजुरी, जुन्या पत्र्याची उतराई, वाहतूक, इंजिनिअरची फी, जीएसटी असं ओळीओळीने. प्रत्येक मोठ्या ओळीला तीन कोटेशन. युरोचा भाव आज एक असतो, रक्कम येईपर्यंत दुसरा. बँकाही मधे आपला वाटा कापतात. म्हणून पाच टक्के राखीव ठेवा आणि पत्रात लिहून घ्या की विनिमयात फायदा झाला तर त्याचं काय करायचं. पाठवणाऱ्याने सगळे बँक आकार आपल्याकडे घ्यावेत, अशी विनंती करा.

वर्षाचा मेळही बघा. युरोपातल्या बहुतेक चर्चचं हिशेबाचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. त्यांना डिसेंबरअखेर अहवाल हवा असतो, तेव्हा आपलं ऑडिट अजून झालेलं नसतं. करारातच लिहा: फेब्रुवारीत ऑडिटशिवायचा खर्चाचा तक्ता, ऑक्टोबरमध्ये लेखापरीक्षित अहवाल.

आणि अटी लेखी घ्या. विधवांसाठी काढलेल्या पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाला बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या वर्गणीचं वचन दिलं होतं. १८८९ मध्ये मुंबईत सदन सुरू झालं. मुलींच्या धर्मशिक्षणाबाबत ते तटस्थ राहील ही अट सर्वांना ठाऊक होती. तरीही 'तटस्थ' कशाला म्हणायचं यावरून वाद पेटला आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतलं. अट काय आहे एवढं लिहून पुरत नाही. कोणती कृती अटीत बसते आणि कोणती नाही, हेही लिहा.

७. खर्च करताना

पैसा ज्या कामासाठी आला त्याच कामाला. छपरातून उरलेल्या पैशांत साउंड सिस्टिम घ्यायची असेल तर आधी भागीदाराची लेखी संमती. पूर्वपरवानगीवर आलेल्या पैशाला मंत्रालयाचीही.

प्रशासकीय खर्च वर्षात आलेल्या परदेशी पैशाच्या २० टक्क्यांच्या आत. कार्यालयाचं भाडं, क्लार्कचा पगार, प्रवास, फोन, वीज, सीएची फी, गाडीचं पेट्रोल हे यात येतं. शाळेतल्या शिक्षकाचा किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार यात येत नाही, कारण तो थेट कामाचा खर्च आहे. सीमेवरच्या बाबी (उदाहरणार्थ देखरेख करणाऱ्या पाळकांचा मोबदला) वर्ष सुरू होण्याआधीच सीएकडून ठरवून घ्या.

सुवार्तिकासाठी मोटारसायकल घेतली तर आरसी बुक संस्थेच्या नावाने. शोरूमवाला 'पाळकांच्या नावावर करू, लवकर होईल' म्हणतो, तिथे ऐकायचं नाही. जमीन, संगणक, फर्निचर, सगळं संस्थेच्या नावाने आणि मालमत्ता नोंदवहीत 'परदेशी निधीतून' असा शेरा.

उरलेली रक्कम मुदत ठेवीत ठेवता येते. ठेव एफसीआरए खात्यातूनच आणि व्याजही तिथेच परत. व्याजही परदेशी अंशदानच धरलं जातं. म्युच्युअल फंड, शेअर नकोत.

रोखीने शक्यतो काहीच देऊ नका. गवंड्याला आठवड्याचा हिशेब बँकेतून द्या. आयकराच्या नियमाने एका दिवसात एका माणसाला १०,००० रुपयांच्या वर रोख दिली तर तो खर्च मोजला जात नाही.

८. दरवर्षीचा हिशेब

एफसी-४ हा वार्षिक अहवाल ३१ डिसेंबरपर्यंत ऑनलाइन भरायचा, लेखापरीक्षित हिशेबासह. वर्षात एक रुपयाही आला नाही तरी 'शून्य' अहवाल भरावाच लागतो. सर्वात जास्त नोंदण्या घोटाळ्यामुळे नव्हे, तर या साध्या विसरण्यामुळे जातात.

नूतनीकरण एफसी-३सी ने. मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत अर्ज करता येतो. निदान चार महिने आधी करा, असं मंत्रालयाचं २०२५ पासूनचं सांगणं. मुदत संपली आणि नूतनीकरण झालं नसेल तर पैसा घेता येत नाही, खात्यातला वापरताही येत नाही. पूर्ण झालेल्या कामाच्या ठेकेदाराचं बिल द्यायचं राहिलेलं असतं आणि खातं गोठतं, असं घडतं.

कमिटीची निवडणूक झाली, पत्ता बदलला, खातं बदललं, की ४५ दिवसांत एफसी-६ च्या योग्य प्रकारात कळवायचं. नवे पदाधिकारी निवडून आले की जल्लोषात हे राहतं. पोर्टलचा पासवर्ड आणि नोंदवलेला मोबाइल जुन्या सेक्रेटरीकडेच राहिला तर अजून कठीण. पदभार देताना पासवर्ड, ईमेल आणि सिमकार्ड हे तिन्ही पोचपावतीवर घ्या.

नोंदणी रद्द झाली तर तीन वर्षं पुन्हा अर्ज करता येत नाही. २०२४ मध्ये देशपातळीवरच्या काही जुन्या चर्च-संस्थांवरही ही वेळ आली, तेव्हा 'आमचं नाव मोठं' याचा उपयोग नाही.

९. पाहुणे आणि दौरे

तिकडचे पाहुणे पर्यटक व्हिसावर येत असतील तर ते उपासनेला बसू शकतात. व्यासपीठावरून उपदेश करणं, पत्रकं वाटणं त्या व्हिसात बसत नाही. कार्यक्रमपत्रिकेत 'विशेष संदेश' म्हणून त्यांचं नाव छापून फेसबुकवर टाकणारे महाभाग आहेत. तसं करू नका. मिशन कंपाउंडमधल्या पाहुणेघरात किंवा सदस्याच्या घरी त्यांचा मुक्काम असेल तर २४ तासांच्या आत ऑनलाइन माहिती भरावी लागते, जिला सगळे सी-फॉर्म म्हणतात.

तुमचे लोक तिकडे जाणार असतील आणि तिकीट-राहणं भागीदार करणार असेल, तर पाळकांना वेगळी परवानगी लागत नाही. पण तुमची सेक्रेटरी जिल्हा परिषदेची शिक्षिका असेल, खजिनदार सरकारी नोकर असेल, तर परदेशी पाहुणचारासाठी एफसी-२ अर्ज करून आधी परवानगी घ्यावी लागते. निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी, आणि खात्याची परवानगी वेगळी.

१०. उलट दिशेने मदत

भागीदाराच्या देशात पूर आला, युद्ध सुरू झालं, तर इथल्या मंडळीलाही हातभार लावावासा वाटतो आणि तसं वाटणं योग्यच आहे. एफसीआरए खात्यातला पैसा बाहेर पाठवू नका. ट्रस्टचा देशी पैसाही सहज जात नाही: परकीय चलनाचे नियम आहेत, आणि भारताबाहेर खर्च केलेल्या उत्पन्नाला खास मंजुरीशिवाय आयकर सवलत मिळत नाही. सदस्य वैयक्तिक पातळीवर मात्र स्वतःच्या बँकेतून दान पाठवू शकतात. उदारीकृत प्रेषण योजनेत माणशी वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत मुभा आहे, आणि आपल्या रकमा त्याच्या जवळपासही नसतात. खात्याचा तपशील भागीदाराच्या अधिकृत पत्रावरूनच घ्या, व्हॉट्सअॅपवर फिरत आलेला नको.

पैसा चुकून साध्या खात्यात आलाच तर

सगळी काळजी घेऊनही तिकडचा नवा खजिनदार जुन्या ईमेलमधला खाते क्रमांक उचलतो आणि रक्कम पाठवून मोकळा होतो. अशा वेळी ती रक्कम खर्च करू नका, दुसऱ्या खात्यात हलवू नका, आणि घाईने स्वतःच परतही पाठवू नका. त्याच दिवशी कमिटीची बैठक घेऊन ठराव करा. बँकेला लेखी कळवा: रक्कम, तारीख, पाठवणाऱ्याचं नाव आणि देश, ती न मागता आली आहे आणि तशीच पडून आहे. पत्राच्या प्रतीवर बँकेचा शिक्का आणि तारीख घ्या. भागीदाराकडून 'चुकीच्या खात्यात पाठवली' असं सहीचं पत्र मागवा. मग एफसीआरएचं काम करणाऱ्या सीएला घेऊन मंत्रालयाकडे काय कळवायचं ते ठरवा. गावातला आयकराचा सीए कितीही चांगला असला तरी या कामाला तोच पुरेल असं धरून चालू नका.